लहान बाथरूम स्वतः करायचंय: कुठवर आपण आणि कुठून मिस्त्री?

वरचा_मजला

नमस्कार मंडळी. आमचं घर इंदूरला सुदामा नगरात, जुनं बांधकाम, आम्ही वर राहतो आणि खाली भाडेकरू आहेत. वरचं बाथरूम आतून ५ फूट बाय ७ फूट, त्यातच कमोड, बेसिन आणि आंघोळीची जागा. टाइल्स जागोजागी पोकळ वाजतात, सांधे काळे पडलेत आणि खालच्या स्वयंपाकघरात छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आहे, आधी फक्त पावसाळ्यात दिसायचा, आता बारा महिने दिसतो. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, ओल्या फरशीवर तिचा पाय सरकेल ही धास्ती रोजची.

मला हे काम जमेल तितकं स्वतःच्या हाताने करायचंय. पैसे वाचतील हे आहेच पण खरं कारण म्हणजे फरशीखाली काय घातलं जातंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. ड्रिल, ग्राइंडर चालवता येतं, नळाच्या वगैरे किरकोळ दुरुस्त्या मीच करतो, सुट्टीही काढता येईल. तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, पाइप, लाइट यातलं काय आपण करावं आणि काय कारागिराला द्यावं? आणि जुन्या टाइलवरच नवी चिकटवली तर? दुकानदार म्हणतो आजकाल सगळे तेच करतात.

शेव_परमल

भिया, एकच विनंती, तोडायला रविवारची सकाळ निवडू नका, अख्खी गल्ली पोहे-जलेबीवर बसलेली असते :-) बाकी जाणकार येतीलच. मी पण इथेच बसतो, आमच्याकडे पण हाच विषय चालू आहे.

ओळंबा

बांधकामाच्या साइटवर बरीच वर्षं गेली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाइलवर टाइल हा विचार तुमच्या घरात आजच सोडा. खाली ओल उतरतेय म्हणजे पाणी टाइलखाली पोचलंय आणि तिथल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात मुरून बसलंय, वरून कितीही भारी टाइल लावलीत तरी तो ओला थर आहे तिथेच राहणार. शिवाय ५ फुटी खोलीत दोन्ही भिंतींची टाइल आणि ॲढेसिव्ह मिळून इंचभर जागा जाते, फरशी वर येते, आणि बाहेरच्या पॅसेजपेक्षा बाथरूम उंच झालं की पाणी दाराबाहेर. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर तर कधीच नाही, तिलाच पकड नाही तर ती नवीला काय धरणार.

पण छन्नी हातात घ्यायच्या आधी ओल कुठून येतेय ते शोधा. दोन-तीन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका, नळाची लाइन मात्र चालू ठेवा. तरी खालचा डाग ओलाच राहिला तर भिंतीतला दाबाचा पाइप गळतोय. डाग सुकायला लागला तर दोष फरशीचा किंवा ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा. मग फक्त बेसिन वापरून बघा, मग फक्त फ्लश, मग आंघोळ. वेळ जातो पण नंतरचा सगळा खर्च यावर ठरतो. पाइप गळत असताना नुसती फरशी बदलून घेतलेली घरं मी पाहिली आहेत, सहा महिन्यांत डाग परत.

तिरपी_फर्शी

ओळंबा, टाइलवर टाइलला सरसकट नाही म्हणू नका ना. आमच्या फ्लॅटमध्ये भिंतींवर केलंय, चार वर्षं झाली, काही झालं नाही. ओल नव्हती, एकेक टाइल नाण्याने वाजवून बघितली होती, पोकळ निघाल्या तेवढ्याच काढल्या आणि गुळगुळीत पृष्ठभागावर चालणारा वेगळा ॲढेसिव्ह वापरला. तोडफोड वाचली, धूळ वाचली, मुलांच्या परीक्षा होत्या ते पण निभावलं. फरशीला मात्र हात लावला नाही कारण उतार नीट होता.

ओळंबा

मग आपलं भांडण नाहीच. ओल नाही, पकड घट्ट, भिंतच फक्त, आणि ॲढेसिव्ह त्या कामाचा. या चार गोष्टी असतील तर जरूर करावं. धागाकर्त्याकडे यातली एकही नाही.

थापी_करणी

माझे वडील आयुष्यभर फरशीकाम करत होते, मी त्यांच्या हाताखाली घमेलं उचलत मोठा झालो म्हणून या विषयावर मनापासून लिहितोय.

स्वतः करा, नक्की करा, पण कारागिराचं काम "त्यात काय एवढं" असं समजून करू नका. भिंतीवर टाइल लावणं शिकता येतं. ओळंबा धरा, खालची पहिली ओळ लावू नका, दुसऱ्या ओळीच्या खालच्या कडेला सरळ पट्टी ठोका आणि तिच्यावरून वर चढत जा, स्पेसर (सांधा सारखा ठेवणारे तुकडे) घाला, खालची ओळ फरशी झाल्यावर शेवटी कापून बसवा म्हणजे फरशीचा सांधा भिंतीच्या टाइलखाली झाकला जातो. घाई केली नाही तर हे कोणालाही जमतं.

अवघड आहे ती फरशी, कारण तिथे दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात, टाइल सपाट पण दिसली पाहिजे आणि पाणी पण जाळीकडे पळालं पाहिजे. ७ फुटात साधारण एक इंच उतार लागतो. त्याहून कमी दिला की साबणाचं पाणी कोपऱ्यात थांबतं, फार दिला की उभं राहिल्यावर पायाला जाणवतो आणि वयस्कर माणसाचा तोल जातो. म्हणून लहान बाथरूमच्या फरशीला मोठी टाइल घेऊ नका. २ बाय २ ची टाइल चार बाजूंच्या उतारात बसत नाही, तिला जाळीपासून तिरकी कापावी लागते नाहीतर कोपरे उचललेले राहतात आणि त्यावर नख ठेचतं. १ बाय १ घ्या, मॅट, अँटीस्किड. दुकानात विचारताना आर १० किंवा आर ११ म्हणा, ही न घसरण्याची श्रेणी, खोक्यावर किंवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बघून घ्या. दुकानातच टाइलवर थोडं पाणी ओतून ओला अंगठा दाबून सरकवून बघा, माझे वडील गिऱ्हाइकाला हेच करायला लावायचे.

माझा सल्ला: तोडफोड, सफाई, वॉटरप्रूफिंगचे कोट, भिंतीच्या टाइल आणि सांधे भरणं तुम्ही करा. फरशीच्या उताराला एक चांगला मिस्त्री रोजीने बोलवा, चौरस फुटाच्या ठेक्याने नको. ठेक्यात त्याचं लक्ष पुढच्या कामाकडे असतं, त्यात त्याचाही दोष नाही, त्याला पण घर चालवायचंय. रोजीने आला, चहा-पाणी नीट झालं, आणि तुम्ही स्वतः घमेलं उचलायला उभे राहिलात की तो तुम्हाला अशा गोष्टी सांगून जातो ज्या कुठल्याच व्हिडिओत नसतात.

टिळकनगरची_लेक

थापी_करणी, किती छान लिहिलंत. वाचून बाबांची आठवण झाली.

वरचा_मजला, आईंसाठी म्हणून लिहिते, सासूबाईंचं करताना हे सगळं बघितलंय. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडलं तर पाच बाय सातच्या खोलीत ते दारालाच अडकून पडतं आणि आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. जुनी घरं बघा, झाडून सगळी दारं आत उघडतात.

पकडायचा दांडा कमोडच्या बाजूला आणि आंघोळीच्या भिंतीवर, पण जागा टाइल लावायच्या आधी ठरवा, आईंना कमोडवर बसवून त्यांचा हात आपोआप कुठे जातो तिथे खडूने खूण करा. सासूबाईंचा हात आम्ही समजत होतो त्यापेक्षा बराच पुढे आणि खाली जात होता. पुस्तकात ३३ ते ३६ इंच उंची देतात, त्या साडेचार फुटी बाईला ती कामाची नव्हती. भिंत विटेची आहे ना? पातळ आडवी वीट किंवा पोकळ ब्लॉक असेल तर त्या जागी आधी काँक्रीट भरून घ्या, दांड्यावर अख्ख्या माणसाचा भार येतो. टॉवेलची दांडी या कामाला कधीच धरू देऊ नका, ती उपटून हातात येते.

आणि कमोड उंच घ्या, गुडघ्यांना १७-१८ इंच उंची बरी पडते, साधे बरेचसे १५-१६ चे असतात.

रामबागकर

आमच्या रामबागच्या वाड्यात न्हाणीघर असं होतं की त्यात अख्खं कुटुंब मावलं असतं. शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, खाली गोवऱ्या आणि लाकडाचा भुसा, शेजारी दगडी हौद. फरशीचा उतार असा की बादली उलटी केली तर पाणी सरळ मोरीकडे, एक थेंब थांबायचा नाही. आजोबा सांगायचे, गवंड्याने सुतळी लावून उतार काढला आणि मग घरच्या लहान मुलाला बोलावून फरशीवर गोटी सोडायला लावली. गोटी मोरीत पडल्याशिवाय त्याने कामाचे पैसे घेतले नाहीत.

बंबातलं_पाणी

आहाहा, बंब! दिवाळीच्या पहाटे उटणं लावून बंबाच्या धुरात डोळे चोळत बसलेले आम्ही सगळे भाऊ. आमच्या बंबाची तोटी इतकी गरम व्हायची की आई फडकं गुंडाळून ठेवायची. अजून माळ्यावर आहे तो, कोणी भंगारात द्या म्हटलं की आई चार दिवस बोलत नाही.

शेव_परमल

रामबागकर, गोटीची टेस्ट आमच्या मिस्त्रीला करायला लावणार. नातवाला आत्तापासून गोट्या आणून देतो.

अर्थिंग

विषयावर परत येऊया, विजेचं मी सांगतो कारण त्यात माझा हात आहे आणि यात सूट देणार नाही.

गिझरची लाइन स्वतः ओढू नका, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला द्या. २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपियर खेचतो, त्याला बोर्डापासून वेगळी तांब्याची लाइन हवी, अडीच किंवा ४ स्क्वेअर एमएमची, १६ अँपियरचा सॉकेट आणि त्याचा स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). जुन्या घरात लाइटच्या बारीक वायरवर गिझर जोडलेले सापडतात, वायर भिंतीत तापत राहते आणि कोणाला कळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी, गिझरच्या बॉडीत करंट उतरला तर तो क्षणात लाइन तोडतो. पण अर्थिंग पण असायला पाहिजे. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट दिसतो आणि मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते, इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या, नुसतं विचारू नका.

गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर. आणि तोडफोडीच्या दिवशी त्या भागाचा एमसीबी खाली पाडून, टेस्टरने बघून मगच छन्नी चालवा.

वरचा_मजला

किती मनापासून लिहिताय सगळे, खरंच आभार. अर्थिंग दादा, लाइन इलेक्ट्रिशियनच करणार, हे पक्कं. टिळकनगरची_लेक ताई, दार बाहेर उघडायचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आईला खडूची गोष्ट सांगितली तर ती लगेच "चल, आत्ताच करू" म्हणाली.

ओळंबा काकांनी सांगितल्याप्रमाणे बाथरूम काही दिवस बंद ठेवलं, आंघोळी खाली भाडेकरूंच्या परवानगीने. डाग सुकत गेला, कडेची पांढरी रेघ उमटली. मग बेसिन आणि फ्लश वापरले, काही नाही. आंघोळी सुरू केल्यावर परत ओल. म्हणजे फरशी किंवा नहाणी ट्रॅप. जाळी काढून टॉर्चने बघितलं तर ट्रॅपच्या गळ्याभोवती सिमेंटच नाही, बोट घातलं तर आत ओली वाळू आणि विटेचा चुरा लागतो.

ओळंबा

सापडलं की मग! ट्रॅपचा गळा आणि स्लॅब यांच्यातली ही फट, दर दोन घरांमागे एका घरात हेच. आंघोळीचं पाणी जाळीत पडायच्या आधीच बाजूने खाली शिरतंय.

आता क्रम सांगतो, हा सोडू नका. फरशी, भिंतीच्या टाइल आणि खालचा सगळा जुना मसाला स्लॅबपर्यंत काढा. खोल स्लॅबमध्ये (बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब) विटांचा भराव घातलेला असेल तर तोही काढा, ओला भराव ठेवून वरून केमिकल मारण्यात अर्थ नाही. ट्रॅप नवा बसवा, त्याच्याभोवती साधं सिमेंट नको, न आकसणारा ग्राउट (फट भरायचा माल) भरा कारण साधं सिमेंट सुकताना आकसतं आणि तीच फट परत तयार होते. भिंत आणि फरशी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात मसाल्याचा गोल वाटा (उतरती गोलाई) काढा, काटकोनात कोट फाटतो.

मग दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, पावडर आणि पातळ द्रव मिसळून. पृष्ठभाग ओलसर हवा पण वर पाणी थांबलेलं नको. पहिला कोट आडवा, सुकल्यावर दुसरा उभा, कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती जाळीचं कापड पहिल्या कोटात दाबून. भिंतीवर एक फूट सगळीकडे, शॉवरच्या भिंतींवर सहा फूट.

आणि मग पाणी. ट्रॅपचं तोंड रबराच्या बुचाने बंद करा, दाराशी विटेचा छोटा बांध घाला, दोन इंच पाणी भरा. भिंतीवर पाण्याच्या कडेला पेन्सिलीने रेघ. कमीत कमी ४८ तास, मी ७२ सांगतो. किंचित पाणी हवेने उडतं, तो फरक केसाएवढा असतो. खाली छत कोरडं राहिलं तरच टाइलचं खोकं उघडा. कोणीही घाई केली, सण आला, पाहुणे आले, तरी ही चाचणी सोडायची नाही.

थापी_करणी

ओळंबा काकांच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन. एक जोडतो, मसाल्याचा उतार कोटिंगच्या खालीच द्या, फक्त टाइलला देऊ नका. टाइलच्या सांध्यातून थोडं पाणी उतरतंच, ते खालच्या कोटवरून पण ट्रॅपकडेच वाहिलं पाहिजे.

तिरपी_फर्शी

वॉटरप्रूफिंगचं सामान सियागंजला घाऊक मिळेल, पण तारीख बघून घ्या, जुनी पावडर गोळे धरते.

नर्मदातीर

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. नर्मदेचं पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढून आपल्याकडे येतं आणि बऱ्याच भागात एक दिवसाआड, त्यामुळे जवळपास प्रत्येक घरात बोअरचं पाणी पण टाकीत पडतं. बोअरचं पाणी जड, नळांवर, शॉवरवर, काचेवर पांढरे डाग. म्हणून काळे चकचकीत नळ आणि गडद टाइल टाळा, पहिल्याच महिन्यात पांढरट दिसायला लागतात. शॉवरच्या भोकांत साठलेलं पांढरं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की सुटतं. पण बाथरूममध्ये तेजाब (ॲसिड) ओतणं बंद करा, दर घरात ती बाटली असते. सिमेंटचे सांधे तेजाबाने खाल्ले जातात, नळाचं क्रोम जातं, आणि बंद खोलीत तो धूर आईंच्या छातीत जाईल.

सांध्यांना एपॉक्सी ग्राउट भरा, महाग आहे पण पाणी शोषत नाही आणि काळा पडत नाही. इतक्याशा खोलीला ते परवडतं.

काळीमाती

खालच्या मजल्यावर बाथरूम असलेल्यांसाठी: आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तळमजल्याच्या फरशीखालचा भराव बसतो, बाहेरचा चेंबर एका बाजूला कलतो आणि पाइपचा सांधा निखळतो. फरशी खचतेय असं वाटलं तर आधी बाहेरचे चेंबर उघडून बघा, मग आतलं तोडा. धागाकर्त्याचा वरचा मजला आहे, पण बाकी वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

वरचा_मजला

काळीमाती दादा, खालच्या भाडेकरूंच्या बाथरूमला हेच होतंय बहुतेक, बघतो.

आता दोन प्रश्न. पाइप मी बदलू शकतो का? सध्या भिंतीत जुने लोखंडी जीआय आहेत, नळ उघडला की आधी तांबडं पाणी येतं. आणि टाइल किती घेऊ, दुकानदार प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगतो.

ओळंबा

टाइलचा हिशोब सोपा आहे. खोलीचा घेर ५+७+५+७ म्हणजे २४ फूट, ७ फूट उंचीपर्यंत लावल्या तर १६८ चौरस फूट, दाराचे साधारण १८ वजा करा, १५० राहिले. कापण्यात, तुटण्यात १० टक्के जोडा, १६५. १ बाय २ फुटाच्या म्हणजे ३०० बाय ६०० एमएमच्या खोक्यात बहुतेक ५ टाइल असतात, सुमारे ९.७ चौरस फूट. १७ खोकी झाली. फरशी ३५, त्यात १० टक्के, ३९ धरा. सगळी खोकी एकाच बॅचची, खोक्यावर शेड नंबर छापलेला असतो तो जुळवा. नंतर आणलेलं खोकं त्याच नावाचं असलं तरी रंगात फरक पडतो. दोन-तीन टाइल आयुष्यभरासाठी माळ्यावर ठेवा.

थापी_करणी

आणि व्हिट्रिफाइड घेतलीत तर साध्या सिमेंटवर लावू नका. ती अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, सिमेंटला धरायला काही मिळत नाही, दोन वर्षांत सुटते. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते, ती सिमेंटवर लावणार असाल तर आधी पाण्यात भिजवायची. दोन्ही ॲढेसिव्हवर लावल्या तर भिजवायचं नाही. २० किलोची गोणी ३ एमएम थरात ४५ ते ५० चौरस फूट जाते. दातेरी थापीने ओढा, टाइलच्या मागे पण पातळ हात मारा, आणि मधूनमधून एखादी लावलेली टाइल उचलून मागे सगळीकडे माल लागलाय का ते बघा. पाच ठिपके मारून टाइल दाबणारा कारागीर दिसला तर त्याला तिथेच थांबवा, पोकळ वाजणाऱ्या टाइल अशाच तयार होतात.

तिरपी_फर्शी

पाइपचं सांगते, सीपीव्हीसीचं (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप) काम आमच्या घरी नवऱ्याने केलं. पाइप काटकोनात कापायचा, कडा घासायची, सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्रव) दोन्ही बाजूंना, घालताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. नळाच्या जागी पितळी आट्याचे कोपर घ्यायचे, प्लॅस्टिकच्या आट्यात पितळी नळ आवळला की तडा जातो. एक दिवस तसंच ठेवून मग टेस्टिंग पंप लावला, पंप प्लंबरकडून भाड्याने मिळाला. काटा रात्रभर हलला नाही तेव्हाच भिंत बुजवली. गरम पाण्याला पांढरा साधा पीव्हीसी अजिबात नको.

ओळंबा

कमोडचं माप राहिलं. भिंतीपासून मैल्याच्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर नव्या टाइलच्या तोंडापासून मोजा, उघड्या विटेपासून मोजून आणलेला कमोड प्लॅस्टर-टाइल झाल्यावर भिंतीला टेकतो नाहीतर पाइपवर बसतच नाही. एस ट्रॅप की पी ट्रॅप ते पण आधी बघा, म्हणजे पाइप फरशीत जातो की भिंतीत.

अर्थिंग

ग्राइंडर चालवताना चष्मा आणि एन ९५ मास्क. आणि बाथरूमवर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कापू किंवा फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ओला करून अख्खाच्या अख्खा उतरवायचा.

बंबातलं_पाणी

मलब्याचं काय करायचं? आमच्याकडे कचरागाडी घेत नाही.

काळीमाती

कचरागाडीत मलबा टाकायचाच नसतो. महापालिकेचा बांधकामाच्या मलब्याचा वेगळा प्लांट देवगुराडियाला आहे, पैसे भरून उचलून नेतात. झोनच्या ऑफिसात विचारा. रात्री नाल्यावर टाकणारे लोक आहेत, दंडही होतो आणि शहर आपलंच आहे.

टिळकनगरची_लेक

वरचा_मजला, एवढे दिवस आई आंघोळ कुठे करणार ते आधी ठरवलंत ना? जिने चढ-उतार गुडघ्यांना जड जाईल.

वरचा_मजला

हो ताई, मागच्या गॅलरीत पत्र्याचा आडोसा करून खाली रबरी चटई, प्लॅस्टिकचं स्टूल, तात्पुरता नळ. संडासाला मावशींकडे, त्या शेजारीच राहतात, तळमजला.

आता माझं ठरलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. तोडफोड मी आणि धाकटा भाऊ. पाइप मी, चाचणी टेस्टिंग पंपाने. वायरिंग इलेक्ट्रिशियन. ट्रॅप बसवायला प्लंबर, त्याच्याभोवतीचा ग्राउट आणि कोटिंग मी. उताराचा मसाला आणि फरशीच्या टाइल मिस्त्री रोजीने, मी त्याचा बेलदार. पाण्याची चाचणी ७२ तास. भिंतीच्या टाइल आणि ग्राउट मी. दार बाहेर उघडणारं, दांडे आईच्या खडूच्या खुणेवर. टाइलवर टाइल रद्द.

एकच शंका, मिस्त्री कोटिंगवर मसाला टाकताना करणीने कोट फाडला तर?

थापी_करणी

म्हणूनच उतार आधी, कोट नंतर. मिस्त्रीला दोनदा बोलवायचं. पहिल्यांदा उताराच्या मसाल्याला, मग मसाला पिकू द्या, तुम्ही कोट मारा, पाणी भरा, आणि पास झालं की दुसऱ्यांदा टाइलला. टाइल ॲढेसिव्हवर सरळ कोटवरच लागेल, मध्ये मसाला येणारच नाही. कोटवर चालताना चप्पल काढून, आणि त्यावर ग्राइंडर-छन्नी काही ठेवू देऊ नका, गोणपाट अंथरा. दोन वेळा येण्याचं त्याला आधीच सांगा, रोजी तशी ठरवा.

ओळंबा

बरोबर. आणि पाणी भरायच्या आधी खालच्या छताचा फोटो काढा, डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, भाडेकरूंना सांगून ठेवा की रोज सकाळ-संध्याकाळ एकदा वर बघा.

शेव_परमल

एपॉक्सी ग्राउट आमच्याकडे टाइलवर सांडून तसाच वाळला, कारागीर निघून गेला. तो मिसळताना काय बघायचं असतं?

नर्मदातीर

सगळा डबा एकदम कालवायचा नाही, अर्ध्या तासात भरून होईल एवढाच. उन्हाळ्यात आणखी लवकर घट्ट होतो. एक जण भरेल, दुसऱ्याने मागोमाग ओल्या स्पंजने पुसत यायचं, स्पंज दर दोन टाइलनंतर धुवायचा. वाळल्यावर टाइल निघते पण तो निघत नाही. तुमच्याकडे वाळलेल्यासाठी एपॉक्सी काढायचं वेगळं लिक्विड मिळतं, आधी कोपऱ्यातल्या एका टाइलवर लावून बघा.